गठ्ठा कुणी फोडायचा

दुपारचे तीन वाजले तरी पेपर तपासणारं यंत्र रेंगाळतच होतं. क्लासच्या अठरा हजार मुलांच्या रविवारच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका स्कॅन होऊन त्यात गेल्या होत्या, आणि निकाल त्याच संध्याकाळी पाचला लावायचा शब्द क्लासचे मालक रामलिंग सरांनी पालकांना दिला होता. मागचे तीन रविवार तो पाळता आला नव्हता. लातुरात क्लासला क्लास लागून आहे. पोरांना समोरच्या क्लासचा जिना चढायला असा कितीसा वेळ लागतो?

"चार प्रोसेसरचं यंत्र तुझ्या शब्दावर घेतलं," सर नाजियाला म्हणाले. "जुन्यापेक्षा लई फरक न्हाई. आज बी उशीर झाला तर उद्या परत करतो. अन् तू बी दुसरीकडं काम बघ."

नाजिया देगलूरची, सरांचीच जुनी विद्यार्थिनी; आता क्लासचे प्रोग्राम तीच लिही. तिनं यंत्राचं चालतं काम थांबवलं.

"सर, परीक्षेला प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे कोण फोडतं?"

"मी. ऑफिसात, माझ्या हातानं."

वीस वर्षांत हा नियम मोडला नव्हता. एकेक गठ्ठा सर स्वतःच्या कात्रीनं फोडत, मोजत, मगच तो वर्गावर जाई. प्रोग्राम लिहून घेतानाही त्यांनी हेच बजावलं होतं : आधी एकानंच सगळं उघडायचं, मग वाटायचं.

"यंत्रालाही मी तेच शिकवलं," नाजिया म्हणाली. "पण हितं प्रत्येक प्रोसेसरच्या शेजारी त्याची वेगळी मेमरी हाय. जो प्रोसेसर पेपर पहिल्यांदा उघडतो, त्याच्याच मेमरीत तो पेपर राहतो. पहिल्यानं सगळे उघडले. आता बाकीचे तिघं एकेका पेपरसाठी त्याच्या दारात रांग लावून राहिलेत."

"मग आता नवीन काय घ्यावं लागंल?"

"काहीच न्हाई, सर. ज्यानं तपासायचं, त्यानंच उघडायचं."

तिनं पाच-सहा ओळी बदलल्या आणि काम पुन्हा सुरू केलं.

चार वाजून वीस मिनिटांनी निकाल तयार! सरांचा विश्वास बसेना. त्यांनी दहा पेपर हातानं तपासले; एका गुणाचा फरक निघाला नाही. काय डोकं आहे या पोरीचं! नवा खिळासुद्धा आणला नाही, नुसता माल ज्याच्या-त्याच्या जवळ ठेवला. आणि नियम सरांचा असूनही चूक स्वतःवर घेत ती 'मी शिकवलं' म्हणाली होती. ते सरांना रात्रीपर्यंत आठवत राहिलं.

पुढच्या रविवारी शिक्षक नेहमीप्रमाणे ऑफिसच्या दारात उभे राहिले. सरांनी प्रत्येकाच्या हातात बंद गठ्ठा दिला, वर एकेक नवी कात्री.

"वर्गात जाऊन तुम्हीच फोडा."

सगळे गेल्यावर ते उठले आणि आपली जुनी कात्री नाजियाच्या टेबलावर ठेवून आले.