चारही चाकांत तेहतीस

गाडी दुपारी दोनपासून अंगणात उभी होती. डावीकडची दोन चाके उन्हात होती, उजवीकडची दोन कडुनिंबाच्या सावलीत. डॅशबोर्ड चारही चाकांत दाब तेहतीस दाखवत होता.

वासुदेवरावांनी हातातल्या गेजने प्रत्येक चाक मोजले. उन्हातली पस्तीस, सावलीतली तेहतीस. आकडे वहीत गेले. आंधळगावच्या शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवलेल्या माणसाला तापलेली आणि न तापलेली हवा एकाच आकड्यावर नांदते, हे पटणे शक्य नव्हते.

चाकांतली हवा मोजून डॅशबोर्डला कळवणारे सेन्सर नवे होते. दीड महिन्यापूर्वी आसगावला, पत्नी शकुनबाईंच्या माहेरी जाताना, जुन्या सेन्सरांनी सात वेळा हवा कमी असल्याचा दिवा लावला. सातही वेळा वासुदेवरावांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरून चारही चाके मोजली. हवा पुरेपूर होती. पोचायला चाळीस मिनिटे उशीर झाला. निष्कर्ष मात्र हाती आला. सेन्सरांच्या बॅटऱ्या संपत आल्या होत्या.

नवे सेन्सर टायरवाल्या मनिषने बसवले, तेव्हा ते स्वतः तिथे नव्हते. बँकेत रांग होती, म्हणून शकुनबाईंना टायरच्या दुकानात बसवून ते निघून गेले होते. चूक तिथेच झाली, असे त्यांना आता वाटत होते.

कारण त्यानंतर दर रविवारी मनिष न बोलावता येई आणि हाताने हवा तपासून जाई. पैसे घेत नसे. सेन्सर चालू असताना कोणता दुकानदार हाताने हवा तपासतो? ज्याला ते सेन्सर खोटे असल्याचे ठाऊक आहे, तोच.

त्यांनी मनिषला बोलावून घेतले. शकुनबाई ओसरीवर चरख्यावर कोशाच्या रेशमाच्या कांड्या भरत होत्या.

"सेन्सर अस्सल आहेत?"

"असलीच हायेत, सर. बिल हाय ना तुमच्यापाशी."

"चाकांत आहेत?"

मनिषने ओसरीकडे पाहिले. "चाय पिऊन बोलू का, सर?"

"चहा नंतर. उद्या मी लेखी तक्रार देणार. मग तुझ्या दुकानात सायकलवालासुद्धा हवा भरायला येणार नाही."

"भल्लाच शक करता सर तुमी. वर्गात बी असंच करत होते. मी गणित बरोबर सोडवलं, तं कोणाचं पाहिलं म्हणून इचारत होते."

"कोणाचं पाहिलं होतंस?"

मनिषने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"ते सेन्सर शोधायचं यंत्र काढ."

मनिषने पिशवीतून यंत्र काढले. वासुदेवरावांनी ते त्याच्या हातून घेतले आणि एकेका चाकाशी धरले. चारही ठिकाणी यंत्र मुके. ते गाडीच्या मागे आले, तेव्हा यंत्र वाजले. मग पडद्यावर एकाखाली एक चार सेन्सरांचे क्रमांक उमटले.

त्यांनी डिक्की उघडली.

"माझं गाठोडं नोका हलवू," शकुनबाई ओसरीवरून म्हणाल्या. "घडी मोडते."

वाटेत गिऱ्हाईक भेटले तर असू द्यावे, म्हणून कोशाच्या कापडाचे ते गाठोडे दीड महिना डिक्कीतून उतरले नव्हते. वासुदेवरावांनी गाठ सोडली. तीन कापडांच्या आत हातभर लांब, जाड प्लास्टिकचा पाइप होता. दोन्ही तोंडे पक्की बंद, एका टोकाला हवा भरायचा व्हॉल्व्ह. त्यांनी तो हलवला. आत चार सेन्सर खुळखुळले. व्हॉल्व्हला गेज लावले: तेहतीस.

"म्हणजे कारण सापडलं," ते म्हणाले. "मनिष, यासाठी तुला पोलिसात देता येईल."

"पाइप माहाच हाय, सर," मनिष खाली पाहत म्हणाला. "पण चाकाची हवा दर आइतवारी मी बरोबर पाहून देतो. काकूनं तशी शपथच घेतली होती माह्याकडून."

चरखा थांबला.

"त्याले कायले बोलता? म्या सांगतलं होतं," शकुनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "बाबा बी आता थकले. त्यायच्यापाशी तरी वक्तावर पोचावं म्हणलं. मायच्या वक्ती तुमी सात डाव गाडी थांबवली. आपून पोचलो, तं तिले जाऊन अर्धा घंटा झाला होता."