नळी घालण्याआधी

वजन कमी करायला तिने पोटाचं ऑपरेशन करून घेतलं, तेही माहेरी राहून, सासरी पत्ता लागू न देता. “चालून चालून बारीक झाली हो आमची सून!” असं सासूबाई तीन वर्षं शेजारणींना कौतुकाने सांगत होत्या.

आज कळ येऊन ती स्वयंपाकघरातच कोसळली. अँब्युलन्सवाला नाकातून पोटात नळी घालू लागला. सांगायला हवं होतं, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना.

“थांब रे बाबा!” सासूबाईंनी त्याचा हात धरला. “पोटाचं बायपास झालंय तिचं. अशी नळी घातलीस तर आत फाटेल. आधी तिच्या सर्जनशी बोल, नंबर घे.”

आणि त्यांनी एकेक आकडा घडाघडा सांगितला. तो नंबर तिला स्वतःलाही कधी पाठ नव्हता.