चार नावं

कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर एक हिरवी रेघ आली, वळली, तिचं गुलाबी फूल झालं आणि मिटलं. मग निळं फूल. आष्टीतल्या ऑनलाइन सेंटरमध्ये मंदाबाई तासभर तेच बघत बसली होती. आचलच्या तेरवीला आठ दिवस झाले होते. लेकीचं नाव रेशन कार्डातून कमी केल्याशिवाय धान्य मिळणार नाही, असं दुकानदारानं बजावलं, म्हणून ती आली होती. रंग बघून तिला काही वाटत नव्हतं. हल्ली कशाचंच काही वाटत नव्हतं.

"मीच टाकलं थे," सेंटरवाला प्रफुल म्हणाला. "लिंक नसली का लोकं कंटाळते. एक मिनिट माऊसले हात नाई लागला का रंग आपोआप चालू." प्रफुलच्या जिभेला हाड नव्हतं, पण माणूस मनाचा बरा होता.

लिंक आली. त्यानं माऊस हलवताच फुलं गेली आणि कार्डावरची चार नावं दिसू लागली.

"कोनाचं कमी करू, मावशी?"

"आचलचं. तीन नंबर."

"म्हंजे लगन झालं पोरीचं?"

मंदाबाईनं हो म्हणून मान हलवली. का हलवली, ते तिचं तिलाच कळलं नाही.

"आन् लाडू नाई आनले? कुठं देली?"

"तळेगावले."

"मंग त जवळच हाय. पोरगी येत-जात राहीन."

"हो," मंदाबाई म्हणाली. "येत राहीन."

"पत्रिका आनली काय? अर्जाले जोडा लागते."

तिनं पिशवीतून घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. प्रफुलनं घडी उलगडली. वर मृत्यूचा दाखला असं छापलेलं होतं, खाली आचलचं नाव, वय एकवीस. त्यानं दोनदा वाचलं. मग कागद तसाच घडी करून तिच्यासमोर सरकवला आणि माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

तिसऱ्या नावापुढं बाण थांबला होता. मिनिट झालं. चारही नावं काळ्यात बुडाली, हिरवी रेघ आली आणि वळली. मंदाबाई बघत राहिली.

"काऊन थांबला, प्रफुलभाऊ?" रांगेतून कोणीतरी विचारलं. "लिंक नाई काय?"

"नाई," प्रफुल म्हणाला.