सगळ्यात दणकट टोपी

"ही आतून उघडते का?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"नाही साहेब. बाहेरूनही फक्त किल्लीनेच उघडते," टोपीकाका छाती फुगवून म्हणाले. "हौद्यातला माल काय आतून दार ठोठावणार आहे?"

पिकअपच्या उघड्या हौद्यावर बसवायच्या छताला जो तो टोपीच म्हणायचा, आणि ती बनवणाऱ्याला टोपीकाका. उभ्या आयुष्यात आपण फक्त गाड्यांना टोप्या घातल्या, माणसाला एकदाही नाही, असं काका येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

पण ही टोपी त्यांच्याच गळ्यात पडली होती. जाड पत्र्याची, दुहेरी रबरी पट्टीची, वर दोन माणसं नाचली तरी न वाकणारी. वर्षभर खपून बनवलेली आणि नंतर वर्षभर न खपलेली. समोरच्या दुकानातल्या हलक्या प्लास्टिकच्या टोप्या हातोहात जायच्या आणि ही मात्र दारात ठाण मांडून बसलेली. "हिच्यात कोंबड्या पाळू या," असं बायको म्हणायची, आणि ते काकांना फार लागायचं. ही विकली गेली नाही तर आपली सगळी कारागिरी फुकट, असं त्यांना अगदी मनापासून वाटे. हल्ली तर ते गालावर हात ठेवून तासन्‌तास टोपीकडे बघत बसत.

त्यात बायकोने नेमून दिलेलं एक काम ते नऊ दिवस टाळत होते. रोज सकाळी ती विचारी, "अहो, आज तरी जाणार ना?" आणि रोज काकांना नवं निमित्त सुचे. काल निमित्तं संपली तेव्हा ते चिडून बोलून गेले, "ही टोपी खपली की त्या क्षणी जातो. शब्द आहे माझा!"

बायको नुसतं "बरं" म्हणाली आणि आत गेली. एवढ्यावर ती गप्प कशी बसली, याचं काकांना जरा नवलच वाटलं.

आणि आज सकाळी दुकान उघडतंय तोच हे गिऱ्हाईक दारात. शर्टाला कडक इस्त्री, हात नको इतके स्वच्छ. त्याच्या पिकअपच्या हौद्यात कापडात गुंडाळलेली एक जाडजूड खुर्ची बोल्ट मारून बसवली होती.

"खुर्ची घेऊन वस्त्यावस्त्यांवर फिरतो," तो म्हणाला. "लोक आपणहून माझ्याकडे यायला टाळाटाळ करतात. मग मलाच त्यांना गाठावं लागतं. खुर्ची भिजता कामा नये. धूळ तर अजिबात नको."

फिरता न्हावी, काकांनी ताडलं. बोलताना तो सारखा त्यांच्या गालाकडे बघत होता. काकांनी ओशाळून दाढीच्या खुंटांवरून हात फिरवला. चार दिवस गालाला वस्तरा लागला नव्हता.

गिऱ्हाईक भलताच चोखंदळ निघाला. खिशातून लांब दांडीचा, बटणाएवढा आरसा काढून त्याने बिजागरीची खालची बाजू पाहिली. मग पत्र्यावर त्याच दांडीने टकटक केलं.

"वरून सगळंच चकचकीत दिसतं. सडतं ते आतून."

"मग आतून बघा की साहेब! वीस वर्षं हिला काही होणार नाही."

"मला टोपी तर घालत नाही ना?"

"छे, तुमच्या गाडीला घालतोय!" काका मोठ्याने हसले आणि हसता हसता एकदम थांबले.

"मीही टोप्या बसवतो," गिऱ्हाईक म्हणाला. "लहान असतात. पण केसभर जरी चुकली ना, लोक चार दिवस शिव्या घालतात."

टकलावर लावायच्या असणार, काका मनात म्हणाले.

दोन कारागिरांनी साखळीने टोपी उचलून हौद्यावर उतरवली. ती अशी चपखल बसली की काकांचे डोळे भरून आले. वर्षभराने तिला डोकं मिळालं होतं.

"पाणी मारून बघू," गिऱ्हाईक म्हणाला. "पण आत कोरडं राहिलं की नाही, हे मला कसं कळणार?"

"मी बसतो की आत!"

"वा! मग कापड काढून खुर्चीवरच बसा. मागे रेला आणि थेंब येतो का ते वर बघत राहा."

काका चढले, खुर्चीत रेलले. दार बंद झालं, किल्ली फिरली. नळीचं पाणी धो धो टोपीवर आदळू लागलं. काका डोळे फाडून छताकडे बघत होते. थेंब नाही. ओलही नाही.

"ठणठणीत कोरडं!" ते आतून गर्जले. "विचार कसला करताय साहेब? घेऊन टाका!"

पाणी थांबलं. दार उघडलं. गिऱ्हाईक आत चढला आणि त्याच्या मागोमाग, बाह्या सरसावत, काकांची बायको.

"अगं, तू इथे? बरं झालं, बघ! टोपी पसंत पडली! साहेब, घेतली ना?"

"घेतली," गिऱ्हाईक म्हणाला.

"बघ! कोंबड्या म्हणे!"

"माझंच चुकलं," बायको म्हणाली. "आता तुमचा शब्द. आणि तुम्हाला कुठे जायचीही गरज नाही."

तिने बाहेरच्या कारागिरांना खूण केली. दार लागलं आणि बाहेरून किल्ली फिरली. काकांच्या तोंडावर दिव्याचा झगझगीत प्रकाश पडला.

"उजवीकडची, खालची," बायको म्हणाली. "शेवटून दुसरी."

गिऱ्हाइकाने तोंडाला मास्क बांधला, पेटीतून दुसरा, स्वच्छ आरसा काढला आणि मायेने म्हणाला, "काका, आ करा."