आधाराला माणूस

स्वानंदीने बाथरूमचं दार ढकललं तेव्हा गोपाळकृष्ण ओल्या फरशीवर कुशीवर पडले होते. कमरेचा पंचा भिजून चिकटला होता.

"आत येऊ नको," ते म्हणाले.

"बाबा, लागलंय कुठे?"

"पाय मुरगळलाय. उठता येत नाही, एवढंच. पुष्करला फोन लाव."

"दादा पुण्यात आहे. सांगलीत पोचायला त्याला पाच तास लागतील."

"मग समोरच्या बादशहाभाईंना बोलाव."

स्वानंदी उंबऱ्यातच थांबली. कालच व्यायामशाळेत तिने पंच्याण्णव किलो डोक्यावर नेलं होतं. राज्य स्पर्धेतलं तिचं रौप्यपदक बाबांनीच बैठकीत टांगलं होतं. आल्यागेल्याच्या हातात ते देऊन विचारायचे, "जड आहे की नाही?"

"तुमचं वजन किती, बाबा? छप्पन्न?"

"वजनाचा प्रश्न नाही."

"मग कशाचा आहे?"

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. "मुलीने बापाला असं उचलायचं नसतं."

चादर गुंडाळते म्हणाली, डोळे मिटून घेते म्हणाली. दर वेळी त्यांनी तिचा हात दूर सारला. त्यांना आता हुडहुडी भरली होती. शेवटी ती दार आपटून रस्त्यापलीकडे गेली.

बादशहाभाईंचं सायकल दुरुस्तीचं दुकान. वय अडुसष्ट, तीन महिन्यांपूर्वी मिरजेला बायपास झालेली. चार पायऱ्या चढतानाच त्यांना धाप लागली. बाथरूममध्ये डोकावून ते म्हणाले, "आवं सर, डाक्टर मला पाण्याची घागर उचलू देत न्हाई. पोरगी दारात उभी हाय की."

"तुम्ही धरा, बादशहाभाई," म्हणत गोपाळकृष्णांनी डोळे मिटले.

बादशहाभाईंनी स्वानंदीकडे पाहिलं. मग वाकून दोन बोटांनी सरांचं कोपर धरलं. स्वानंदीने कोरडी चादर त्यांच्याभोवती गुंडाळली, एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली घातला आणि उभी राहिली. पलंगापर्यंत बादशहाभाई कोपर धरून शेजारून चालत आले.

डॉक्टर येऊन पाय बांधून गेले. आठवडाभर पाय टेकायचा नाही, म्हणाले. दुपारी पुष्करचा फोन आला.

"बादशहाभाई होते म्हणून बरं," गोपाळकृष्ण सांगत होते. "त्यांनीच उचललं. स्वानंदी होती ना. तिने चादर आणली."

स्वानंदी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "बाबा, मी उचललं तुम्हाला."

त्यांनी फोनवर तळवा ठेवला. "माहीत आहे गं," हळूच म्हणाले. मग तळवा काढून पुन्हा बोलू लागले. "हो हो, बादशहाभाईच. या वयातही ताकद आहे माणसात."

ती परत आत गेली. कणीक मळून झाली होती, तरी मळत राहिली.

संध्याकाळी त्यांची चुळबूळ सुरू झाली. बाथरूमला जायचं होतं, हे तिच्या लक्षात आलं. ती पलंगाशी जाऊन उभी राहिली. त्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"बादशहाभाईंचं दुकान उघडं आहे का, बघ जरा," ते म्हणाले.

बादशहाभाई बाहेर टांगलेले टायर आत घेत होते. स्वानंदीला येताना पाहून त्यांनी टायर खाली ठेवला, फडक्याला हात पुसले. काय झालं, हे विचारलं नाही.

"चल," ते म्हणाले. "मी नुसता उभा ऱ्हातो."