चौथा चौकोन

सून पडदा बदलते, ही चतुराबाईंची तक्रार होती. सासू दारात आली की सुकन्याची बोटं बटनांवर पडायची आणि कॉम्प्युटरवरचं सगळं सरकून भलतंच काहीतरी पुढं यायचं. घरच्या माणसापासून एवढं काय लपवायचं?

आज त्या दारात थांबल्याच नाहीत. दुधाचं भांडं घेऊन सरळ खुर्चीमागं जाऊन उभ्या राहिल्या. पडदा तरीही सरकला.

"हे काय केलंस आता?"

"काय न्हाई, आत्या. कामं येगयेगळ्या पडद्यांवर ठिवलीत, एका पडद्याला खाली एक चौकोन. एकावर लोकांचे पीक विम्याचे फॉर्म, एकावर दाखले, एकावर तुमचं कीर्तन. घोळ होत न्हाई मग."

"म्हंजी शेळ्या एकीकडं, बोकड एकीकडं, करडं डालग्याखाली."

"तसंच."

"मग खाली चौकोन चार कावून? तू तर तीनच सांगितलंस."

चरून आलेली जनावरं मोजण्यात चतुराबाईंचा जन्म गेला होता. त्यांनी चौथ्या चौकोनावर नख टेकवलं. काहीच हललं नाही.

"मोबाइलवानी न्हाई व्हय हे? उघड तूच."

सुकन्यानं उघडलं. लिपिकाच्या भरतीचा अर्ज. शेवटची तारीख आजचीच. फोटो होता, सही होती. पसंतीच्या ठिकाणांचे तीन रकाने होते. पहिल्यात घराजवळचं आष्टी, बाकीचे दोन रिकामे.

चतुराबाईंनी अक्षराला अक्षर लावत वाचलं.

"आष्टीत जागा किती?"

"एक."

"अन् लई कुठं हायत?"

"लातूरला. अकरा." सुकन्या कीबोर्डकडं बघत राहिली. "पर हे सहा महिने मेंढरांमागं बाहेर असत्यात. मी बी गेले तर तुमी एकट्या. रातचं दुखलं-खुपलं तर?"

चतुराबाईंनी भांडं टेबलावर ठेवलं. शेजारचं स्टूल पायानं ओढून त्या सुनेच्या खांद्याला खांदा लावून बसल्या.

"आष्टी खोड. लातूर लिव. वत्सलाबाई शेजारी हाय, भांडायला रोज येतीच, माजी खबर तिला आपसूक लागती. अन् माज्या जिवासाठी थांबशील, तर थांबतच राहशील. मी काय लवकर मरनारी न्हाई."