सगळ्यांत मऊ जोडी

बाकावर नऊ ग्लोव्हज होते. चार जोड्या आणि एक एकटा डावा, ज्याचा उजवा केव्हाच फाटून गेला होता. दोन जोड्या बारा औंसांच्या, दोन सोळाच्या. सत्यम त्यांच्यासमोर उकिडवा बसून एकेकाचा पुढचा भाग अंगठ्यानं दाबून बघत होता.

"निवड की लवकर," रिंगच्या दोरीला टेकलेली प्रांजली म्हणाली. "लग्नाची गादी घेतोस का काय?"

कुणी हसलं नाही. सत्यम अडीच महिन्यांनी आला होता.

चिकलठाण्याच्या या बॉक्सिंगच्या शेडमध्ये साहेबराव सरांचा एक नियम होता. स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, स्वतःचे ग्लोव्हज कुणी स्वतः निवडायचे नाहीत. समोरच्यानं निवडायचे. "मार तुला खायचाय ना? मग कशाचा खायचा ते तूच ठरव," असं सर म्हणायचे. त्यामुळे निवडताना इथं कुणी ग्लोव्हमध्ये हात घालून बघत नसे. बाहेरून दाबायचा आणि जो मऊ लागेल तो समोरच्याला द्यायचा.

अडीच महिन्यांपूर्वी, त्या दिवशीही सत्यमनं असंच दाबून बघितलं होतं आणि रामेश्वरसाठी लाल जोडी निवडली होती. ती सगळ्यांत मऊ होती. दुसऱ्या राउंडला रामेश्वरचा उजवा ठोसा त्याच्या कानशिलावर बसला. हेडगार्ड असूनही सत्यम खाली कोसळला. त्याला उलट्या झाल्या. काही दिवस तो घाटी रुग्णालयात होता. घरी आल्यावरही बराच काळ त्याला उजेड सहन होत नव्हता. राज्य स्पर्धेला त्यांच्या वजनगटातून सत्यम जाणार होता. त्याच्या जागी रामेश्वर गेला आणि कांस्यपदक घेऊन आला.

दोष कुणी कुणाला दिला नाही. ग्लोव्हज सत्यमनंच निवडले होते, तेही सगळ्यांत मऊ. लोक एवढंच म्हणू लागले, की करमाडच्या रामेश्वरचा ठोसा गादीतूनसुद्धा लागतो. रामेश्वरनं ते कधी खोडून काढलं नाही.

आता तो हातांना पट्ट्या गुंडाळून भिंतीशी उभा होता. सत्यमचा अंगठा लाल जोडीवर आला आणि थांबला. त्यानं ती पुन्हा दाबली. मग उचलून रामेश्वरपुढं धरली.

"परत तीच?" प्रांजली म्हणाली.

"हिच्याहून मऊ हाय का दुसरी?" सत्यम म्हणाला. "ह्याचा हात लई जड हाय. डॉक्टर खेळ म्हणले, पण डोकं सांभाळून म्हणले."

रामेश्वरनं जोडी घेतली. थोडा वेळ ती तशीच धरली आणि मग सत्यमच्या छातीला लावली.

"ही तू घाल. तुझ्यासाठी मी हीच निवडली. मला दुसरी दे."

"आरं, त्याची निवड झाली की," सर म्हणाले.

"मला माझी करायची हाय ना, सर?"

"हाय."

"मग झाली."

सत्यमनं त्याच्यासाठी सोळा औंसांची काळी जोडी काढली आणि लाल जोडी स्वतः चढवली. आतून ती आरामशीर होती. पट्टा आवळून त्यानं सवयीनं रिंगच्या लोखंडी खांबावर एक ठोसा मारला. मग थबकला. पुन्हा एक मारला, हलकाच. बोटांच्या गाठींना खांबाची गोलाई कळत होती.

गाठींसमोरचा फोम फुटून दोन्ही बाजूंना सरकला होता. बाहेरून ग्लोव्ह मऊ लागत होता, कारण अंगठ्याला अडवणारं तिथं काही उरलंच नव्हतं. निवडणाऱ्याला हे कळणं शक्य नव्हतं. घालणाऱ्याला मात्र पहिल्याच ठोशाला कळणार होतं.

तो रामेश्वरजवळ गेला. शेडवरून जवळच्या विमानतळावर विमान उतरत होतं. त्या आवाजात त्यांचं बोलणं दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही.

"ह्यात तर काय नाय."

"नाय."

"त्या दिवशी?"

"तवाबी नव्हतं."

"तुला कळलं होतं?"

"व्हय," रामेश्वर म्हणाला. "पहिल्याच राउंडला."

विमान उतरून गेलं. सरांनी दोघांचे हेडगार्ड तपासले आणि शिटी वाजवली.

स्पारिंगमधले ठोसे मोजायचं काम प्रांजलीकडं असे. तिनं फळ्यावर खडूनं रकाने आखले.

"रामेश्वर, गार्ड वर घे," सर म्हणाले. त्यानं घेतला नाही. सर पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. रामेश्वरचे हात छातीच्या खालीच राहिले. त्याची हनुवटी मोकळी होती, कानशिलं मोकळी होती. तो मागंही सरकत नव्हता. सत्यम दर वेळी त्याच्या अगदी जवळ जात होता. लाल ग्लोव्हजचा आवाज शेडभर होत होता, कोरडा आणि आखूड. दुसऱ्या राउंडनंतर सरांनी सांगणं सोडून दिलं. प्रांजलीचा खडू चालूच होता.

तिसरा राउंड संपला. रामेश्वर दोरीला धरून वाकला होता आणि त्याला पुरता श्वास घेता येत नव्हता. सत्यम समोरच्या कोपऱ्यात पाठ करून उभा होता. दातांनी पट्टा सोडवत होता.

"वाच," सर म्हणाले.

प्रांजलीनं रेघा मोजल्या. मग सुरुवातीपासून पुन्हा एकदा मोजल्या.

"सत्यम," तिनं वाचलं. "अंगावर एकेचाळीस. डोक्यावर शून्य."